घोड्याचे खूर आणि वर्षभराची जीवदया

तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. मूर्तीच्या पीठावर कोरलेली ती लहानशी आकृती पाहून आपण हात जोडतो. परंतु जिवंत घोड्याशी आपल्या समाजाचा संबंध आजही उरला आहे, हे क्वचितच ध्यानात येते. वरघोड्याच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत घोडा भाड्याने आणला जातो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या लाल वाटांवर सुट्टीला गेलेली कुटुंबे घोड्यावर बसतात. आणि यांतलेच काही घोडे म्हातारे झाले, लंगडू लागले की अखेरीस पांजरपोळेच्या दाराशी येतात. मुंबईत भुलेश्वर येथे १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाली, तेव्हापासून व्यापारी समाजाने मुक्या जीवांच्या निवाऱ्याची ही परंपरा जपली आहे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाडीतून सुटणाऱ्या घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न जीवदयेचे काम करणाऱ्यांपुढे नव्याने उभा राहिला होता.

आश्रयाला आलेल्या घोड्याचे दुखणे बहुधा पायाशी असते. कोठे खुराला उभी भेग गेलेली, कोठे खुराची कड चुऱ्यासारखी झडत असलेली, तर कोठे तळवा इतका पातळ की खड्यावर पाय टेकवत नाही. असा घोडा पाहून कनवाळू श्रावकाचा हात लगेच खिशाकडे जातो. कोणी लाडवांची टोपली पाठवतो, कोणी गूळ-पोळी, कोणी बाजारातला महागडा ‘खुरांचा टॉनिक’चा डबा. भावना निर्मळ असते. तथापि खुराच्या बाबतीत दया नुसती असून भागत नाही. ती मोजून, समजून आणि मुख्य म्हणजे न थांबता वर्षभर करावी लागते.

खूर वाढतो कसा

खुराची जी कठीण भिंत आपल्याला दिसते ती आपल्या नखासारखी निर्जीव असते. ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असून या प्रथिनात गंधकयुक्त घटक भरपूर असतात. त्यांच्या परस्पर बंधांमुळेच खुराला कठीणपणा येतो. नवे खूर घडते ते वर, जेथे केस संपतात आणि खूर सुरू होतो त्या मऊ पट्ट्यात. तेथे रक्त पोहोचते, रक्तातून आहाराचा अंश पोहोचतो आणि तेथे तयार झालेला थर हळूहळू खाली सरकत जातो.

ही गती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर इतकी असते. पुढच्या टोकाशी वरपासून जमिनीपर्यंत संपूर्ण नवी भिंत यायला ९ ते १२ महिने लागतात. टाचेकडची भिंत आखूड असल्यामुळे ती त्याहून लवकर बदलते. म्हणजे आज जमिनीला टेकलेला खुराचा भाग हा जवळजवळ वर्षापूर्वीच्या चंदीचा परिणाम असतो. खुराच्या भिंतीवर ज्या आडव्या कडा उठतात त्यांतही हाच हिशेब नोंदलेला असतो. आहारात मोठा बदल झाला, ताप आला, उपासमार झाली की कडा उमटते आणि महिन्यामहिन्याने खाली उतरत जाते. जाणता नालबंद ती पाहून घोड्याचे मागचे वर्ष कसे गेले ते सांगतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. खुराला वरून तेल चोपडले तर तो काही काळ चमकतो, परंतु निर्जीव भिंतीला त्यातून पोषण मिळत नाही. तसेच एखाद्या महिन्यापुरते दिलेले औषध खुराच्या एका बोटभर पट्टीहूनही कमी भागाला लाभते. पुढे ते बंद झाले की चांगल्या पट्टीच्या वर पुन्हा कच्ची पट्टी येते.

बायोटिनचे खरे सामर्थ्य

खुरांसाठी सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले पूरक द्रव्य म्हणजे बायोटिन. हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व आहे. घोड्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव ते काही प्रमाणात स्वतःच तयार करतात आणि हिरव्या चाऱ्यातूनही ते मिळते. त्यामुळे निरोगी घोड्याला त्याची उणीव सहसा भासत नाही. मात्र ज्यांचे खूर मुळातच ठिसूळ आहेत अशा घोड्यांना नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक मात्रा दिली तर खूर सुधारतो का, हे युरोपात तपासले गेले.

लिपिझानर या प्रसिद्ध पांढऱ्या घोड्यांवरील त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४२ घोड्यांपैकी एका गटाला रोज २० मिलिग्रॅम बायोटिन आणि दुसऱ्या गटाला बायोटिन नसलेली तशीच पूड १९ महिने देण्यात आली. बायोटिन मिळालेल्या गटाच्या खुरांची स्थिती सुधारली, पण तो फरक दिसायला सुमारे ९ महिने जावे लागले. खूर वाढण्याची गती मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. बायोटिनमुळे खूर लवकर वाढत नाही, तर जो वाढतो तो अधिक चांगल्या प्रतीचा येतो. ‘पंधरा दिवसांत फरक’ अशी जाहिरात करणाऱ्या डब्याविषयी यावरून काय समजावे, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगायला नको.

एकट्या जीवनसत्त्वाने भागत नाही

केराटिन घडवायला कच्चा माल हवा. तो म्हणजे मेथिओनिन आणि लायसिन यांसारखे प्रथिनांचे घटक. मेथिओनिनमधूनच खुराला लागणारे गंधक मिळते. नुसत्या वाळल्या गवतावर किंवा कडब्यावर ठेवलेल्या घोड्याला हे घटक कमी पडतात. थोडी सोयाबीन पेंड किंवा लसूणघास यांमुळे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

त्यानंतर खनिजे. केराटिन पक्के होण्यासाठी जस्त लागते, त्यातील बंध जुळवण्यासाठी तांबे लागते. ५०० किलो वजनाच्या, काम नसलेल्या घोड्याची दिवसाची गरज जस्ताची सुमारे ४०० मिलिग्रॅम, तांब्याची सुमारे १०० मिलिग्रॅम आणि सेलेनियमची अवघी १ मिलिग्रॅम मानली जाते. जस्त आणि तांबे यांचे हे चारास एक प्रमाण सांभाळावे लागते. एकच खनिज भरमसाट दिले तर ते दुसऱ्याच्या शोषणात आड येऊ शकते. लोह मात्र गवत-चाऱ्यातूनच पुरेसे मिळते, म्हणून ‘रक्तवाढीच्या’ लोहयुक्त औषधांची खुरांसाठी गरज नसते.

चौथी बाब कॅल्शियमची. आपल्याकडे घोड्याला गव्हाचा कोंडा सढळ हाताने घालण्याची पद्धत आहे. कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फार थोडे असते. कोंडाच मुख्य खाणे झाला की शरीर कॅल्शियमची तूट हाडांतून काढून भरते. हाडे पोकळ होतात आणि तोंडाची हाडे सुजल्यासारखी दिसू लागतात. पूर्वी युरोपात गिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावर पोसले जात, म्हणून या व्याधीला गिरणीवाल्यांच्या नावानेच ओळखत. मालकाच्या दृष्टीने घोडा पोटभर खात होता, आणि तरीही उपाशी होता.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छविच्छेद आणि अतिभारारोपण यांच्याबरोबर अन्नपाननिरोध सांगितला आहे. अन्न-पाणी अडवणे एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. पण मुका प्राणी पूर्णपणे आपल्या हाती असताना त्याच्यापुढे रोज एकच निकस वस्तू टाकत राहणे हेही त्या दोषाच्या जवळ जाणारे आहे, असा विचार करायला हरकत नसावी.

दया जेव्हा मापाबाहेर जाते

उणिवेइतकाच अतिरेक घातक असतो, याचे उदाहरण दूरच्या देशातले असले तरी विसरण्यासारखे नाही. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका मोठ्या पोलो स्पर्धेच्या वेळी व्हेनेझुएलाच्या एका संघाचे २१ घोडे काही तासांत मृत्युमुखी पडले. त्यांना त्या दिवशी जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे इंजेक्शन देण्यात आले होते. तपासात मृत्यूचे कारण सेलेनियमचा अतिरेक असल्याचे निष्पन्न झाले. औषधशाळेत तयार करून घेतलेल्या त्या मिश्रणात सेलेनियमची मात्रा चुकली होती. निरोगी, कोट्यवधींच्या किमतीचे, उत्तम निगा राखलेले प्राणी केवळ मापाच्या चुकीने गेले.

सेलेनियमची गरज आणि त्याचा धोका यांत अंतर थोडे आहे. दीर्घकाळ थोडे थोडे अधिक सेलेनियम पोटात गेले तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात आणि खुराला आडव्या भेगा पडतात. म्हणजे खूर सुधारण्यासाठी दिलेले द्रव्यच खूर बिघडवते. पंजाबातील नवांशहर-होशियारपूर भागात काही जमिनींतच सेलेनियम जास्त असल्यामुळे तेथील चाऱ्याने गुरांच्या खुरांना असे विकार झाल्याचे आढळले आहे. म्हणून एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांची खनिज मिश्रणे देणे धोक्याचे. प्रत्येकात सेलेनियम असते आणि बेरीज कोणी करत नाही.

दुसरा अतिरेक आपल्या घराजवळचा आहे. पर्युषणात, वाढदिवसाला, आई-वडिलांच्या पुण्यतिथीला पांजरपोळेत जाऊन जनावरांना लाडू, गूळ, पोळ्या घालण्याची प्रथा आहे. घोड्याचे पोट गाईसारखे नसते. त्याला रवंथ नाही आणि उलटीही करता येत नाही. पिष्ट आणि साखर एकदम अधिक गेली तर ती न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आम्ल तयार होते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात आणि त्याचा तडाखा खुराच्या आतल्या भागाला बसतो. खुराची भिंत आणि आतले हाड यांना धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांचा दाह होतो. खूर गरम लागतात, घोडा पुढचे पाय ताणून मागच्या पायांवर भार देत उभा राहतो, चालवेनासे होते. दाह तीव्र असेल तर आतले हाड जागेवरून फिरते आणि तो प्राणी कायमचा अपंग होतो. एका दिवसाच्या पुण्याईचे हे फळ कोणालाही नको असेल. घोड्याच्या वाट्याला त्या दिवशी स्वच्छ गवताचा भारा द्यावा. तेच त्याचे मिष्टान्न.

डब्यावरची बारीक अक्षरे

जैन दात्याने आणखी एक गोष्ट तपासायला हवी. खुरांसाठी पूर्वापार दिल्या जाणाऱ्या द्रव्यांत जिलेटिन मोडते आणि ते जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेले असते. काही खनिज मिश्रणांतील कॅल्शियम-फॉस्फरस हाडांच्या भुकटीतून आलेले असते, काहींत माशाचे तेल असते. खुराला आणि चामड्याला लावण्याचे एक पारंपरिक तेल तर गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढले जाते. एका जीवाच्या पायासाठी दुसऱ्याचा पाय, हा व्यवहार आपल्याला मान्य होण्यासारखा नाही.

सुदैवाने याची मुळीच गरज नाही. घोडा स्वभावतः शाकाहारी प्राणी आहे. औषधातले बायोटिन आणि मेथिओनिन रासायनिक पद्धतीने तयार होतात. कॅल्शियम चुनखडीतून आणि फॉस्फरस खनिज दगडातून मिळते, जस्त-तांब्याचे क्षार खनिजांपासून बनतात आणि माशाच्या तेलाचे काम दळलेले जवस करू शकते. खरेदी करताना घटकांची यादी वाचावी, कॅल्शियम-फॉस्फरसचा स्रोत विक्रेत्याला लेखी विचारावा आणि कॅप्सूलऐवजी पूड घ्यावी, कारण कॅप्सूलचे कवचही बहुधा जिलेटिनचे असते. माल पारखून घेण्याची ही सवय समाजाच्या रक्तातच आहे. ती दानाच्या वस्तूंनाही लावावी, इतकेच.

मात्रा कशी ठरवावी

वर दिलेले आकडे ५०० किलोच्या घोड्याचे आहेत. आपल्याकडची वरातीची आणि डोंगरवाटेची तट्टे त्याच्या निम्म्या वजनाचीही असू शकतात. वजनकाटा नसेल तर साधी फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन. घेर १४५ आणि लांबी १३० सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारे २३० किलो येते.

अशा तट्टाला बायोटिनची मात्रा वजनाच्या प्रमाणात सुमारे ९ मिलिग्रॅम होईल. पशुखाद्याच्या बाजारात मिळणारी बायोटिनची पूड पुष्कळदा २ टक्क्यांची असते; तिच्या १ ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम बायोटिन असते. म्हणजे रोज जेमतेम अर्धा ग्रॅम पूड. मूठभर किंवा चमचाभर अशा मापाने हे होत नाही. येथे सराफी काट्याची शिस्त हवी. आठवड्याच्या सात पुड्या आधीच बांधून ठेवाव्यात आणि ओलसर केलेल्या चंदीत नीट कालवून द्याव्यात, म्हणजे पूड तळाशी राहत नाही. खनिज मिश्रण कोणते व किती, हे पशुवैद्याने घोडा आणि त्याचा रोजचा चारा पाहून ठरवावे. विशेषतः ज्यात सेलेनियम आहे ते कोणाच्या सांगोवांगीवर देऊ नये.

डब्याच्या आधीची कामे

उत्तम आहारही वाईट तबेल्यापुढे हरतो. चातुर्मासात लीद-मूत्राच्या चिखलात उभे राहिलेल्या घोड्याच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भाग काळा पडतो, सडतो, त्याला दुर्गंधी येते. त्यावर बायोटिनचा इलाज नाही. कोरडी जमीन आणि रोज खूर कोरून साफ करणे हाच इलाज आहे. दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावे लागतात. तासण्यात किंवा नाल ठोकण्यात घोड्याला पीडा होत असेल अशी शंका काहींना येते; परंतु कुशल हात फक्त निर्जीव भिंतीलाच स्पर्श करतो. उलट भिंत ठिसूळ असेल तर खिळे धरत नाहीत, ते अधिक वर, जिवंत भागाच्या जवळ मारावे लागतात आणि मग खरी इजा होते. येथे आहार आणि नालबंदी यांचा संबंध जुळतो.

भाराचा विचारही याच ओळीत येतो. दुखऱ्या खुराच्या घोड्यावर स्वार होऊन त्याच्या पायासाठी देणगी देणे विसंगत आहे. वरातीला किंवा मिरवणुकीला घोडा ठरवताना, डोंगरावर बसण्यापूर्वी, एकदा त्याच्या खुरांकडे आणि चालीकडे पाहावे. लंगडत असेल तर भाडे देऊन त्याला त्या दिवसाची विश्रांती द्यावी.

पर्युषण ते पर्युषण

जीवदयेच्या बोली पर्युषणात बोलल्या जातात. खुराच्या वाढीचा काळही जवळजवळ एका पर्युषणापासून दुसऱ्या पर्युषणापर्यंतचाच असतो. भाद्रपदात वरच्या पट्ट्यात घडू लागलेला थर पुढच्या भाद्रपदाच्या सुमारास जमिनीला टेकतो. त्यामुळे घोड्यासाठी दान करायचे तर एका दिवसाचे नव्हे, एका वर्षाचे करावे.

एका कुटुंबाने किंवा पेढीने एका घोड्याचा वर्षाचा खर्च उचलावा. त्यात चांगले गवत आणि चाऱ्याची पूर्तता, पशुवैद्याने सांगितलेले खनिज मिश्रण, बायोटिन आणि नालबंदाच्या सहा ते आठ फेऱ्या एवढ्या गोष्टी याव्यात. पांजरपोळेने दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला खुराचे एकाच बाजूने छायाचित्र काढावे आणि वरच्या पट्ट्यापासून नवी भिंत किती उतरली ते मोजून लिहावे. पहिले तीन-चार महिने पाहण्यासारखे फारसे काही नसेल. दाते बहुधा याच टप्प्यावर कंटाळतात आणि पुडी बंद होते. सहाव्या महिन्याच्या सुमारास जुन्या आणि नव्या भिंतीमधली रेघ स्पष्ट दिसू लागते. वर गुळगुळीत, खाली भेगाळलेली. वर्ष संपता संपता भेगाळलेला भाग नालबंदाच्या कानशीखाली निघून जातो. नऊ ते बारा महिन्यांनीही फरक नसेल तर तेच औषध चालू न ठेवता कारण दुसरीकडे शोधावे. ते बहुधा तबेल्याच्या जमिनीत किंवा तासण्याच्या पद्धतीत सापडते.

हा घोडा पुन्हा कोणाला पाठीवर घेणार नाही, कोणतीही शर्यत धावणार नाही. तो फक्त पाण्याच्या हौदापर्यंत न लंगडता चालत जाईल. एवढ्यासाठी रोज अर्धा ग्रॅम पूड, वर्षभर, न चुकता.